गाडीची रिमोट चावी आणि दरवाज्यांची लॉक: वापर, सेल बदलणे आणि प्रोग्रॅमिंगचा योग्य क्रम

रिमोटचे बटण दाबूनही गाडीची दारे उघडेनाशी झाली, की बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘प्रोग्रॅमिंग’, म्हणजे गाडीच्या मेमरीत चावीची नव्याने नोंदणी. मग मोबाइलवर कुठेतरी पाहिलेली कृती घाईने केली जाते, इग्निशन पाच-सहा वेळा चालू-बंद होते, आणि शेवटी आधी व्यवस्थित चालणारी दुसरी चावीसुद्धा गाडीच्या मेमरीतून पुसली जाते. चाव्यांचे काम करताना हा प्रकार इतक्या वेळा समोर आला आहे, की एक गोष्ट ठामपणे सांगणे भाग आहे: प्रोग्रॅमिंग ही शेवटची पायरी आहे. बिघाड नेमका कशात आहे हे आधी ओळखावे, मग सेल तपासावा, मग चावी पुन्हा जुळवून पाहावी. एवढे नीट केले तर बरेचदा प्रोग्रॅमिंगपर्यंत जावेच लागत नाही.

टप्पा १: चावीतल्या तीन वस्तू वेगळ्या ओळखा

आपण जिला एक चावी म्हणतो, तिच्या पोटात तीन स्वतंत्र वस्तू असतात. पहिली म्हणजे धातूचे पाते. ते फक्त कुलूप फिरवते. विजेशी त्याचा संबंध नसतो. दुसरी म्हणजे रिमोटचा रेडिओ, जो लहानशा सेलवर चालतो आणि बटण दाबल्यावर बहुधा ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवतो. तिसरी म्हणजे इमोबिलायझरची चिप. हिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती बसवलेल्या कॉइलमधून तिला क्षणभरापुरती ऊर्जा मिळते आणि त्या बळावर ती आपली ओळख गाडीला कळवते. ओळख पटली नाही, तर गाडी स्टार्टर फिरू देत नाही किंवा इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या स्मार्ट चावीत हीच व्यवस्था थोडी पुढे गेलेली असते. गाडी जवळपासच्या चावीला हाक मारते आणि चावी सेलच्या जोरावर उत्तर देते. सेल पूर्ण संपला तरी आतली चिप शाबूत असते, म्हणूनच अशा गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून इंजिन सुरू करण्याची आपत्कालीन सोय दिलेली असते. त्याच चावीच्या कडेला लहानसा खटका असतो, तो सरकवला की आतले धातूचे पाते बाहेर निघते. आणि ज्या दाराला चावीचे भोक दिसत नाही, त्याच्या हँडलवर बहुधा एक टोपण असते, त्याखाली ते भोक लपलेले असते. आपल्या गाडीत हे भोक, हे पाते आणि चावी टेकवायची ती जागा कुठे आहे, हे आजच, दिवसाउजेडी, एकदा करून पाहा. रात्री पावसात ते शोधत बसणे फार कठीण जाते.

या तीन वस्तू मनात वेगळ्या झाल्या, की लक्षणांवरून बिघाडाची जागा कळते. बटणे चालत नाहीत पण इंजिन सुरू होते, तर दोष रेडिओत किंवा सेलमध्ये आहे. बटणांनी दारे उघडतात पण इंजिन सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहतो, तर दोष चिपच्या बाजूला आहे. तीन दारे उघडतात आणि चौथे उघडत नाही, तर चावी निर्दोष आहे. त्या दारातली लॉकची छोटी मोटर किंवा दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणारी तार तपासावी लागेल, कारण दार हजारो वेळा उघडमीट होताना ती तार तिथेच तुटते.

तपासणी: दुसरी चावी घेऊन पाहा. दुसरी चालते, तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही एकाच दिवशी बंद पडल्या असतील, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि संबंधित फ्यूज आधी पाहा.

टप्पा २: बिघाड म्हणण्याआधी लॉकची नेहमीची वागणूक समजून घ्या

काही जण ज्याला बिघाड म्हणतात तो गाडीचा ठरवलेला स्वभाव असतो. अनलॉकचे बटण एकदा दाबल्यावर फक्त चालकाचे दार उघडते आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर सगळी दारे उघडतात, ही सुरक्षेसाठी केलेली मांडणी आहे. अनेक गाड्यांत ती सेटिंगमधून किंवा लॉक आणि अनलॉक ही दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून बदलता येते; आणि नेमके हेच खिशात चावी दाबली गेल्याने नकळतही घडते. काल सगळी दारे उघडत होती आणि आज एकच उघडते, असे झाले तर प्रथम हे तपासा.

तसेच, अनलॉक केल्यानंतर ठरावीक वेळात, बहुतेक गाड्यांत साधारण अर्ध्या मिनिटात, एकही दार उघडले नाही तर गाडी स्वतःच पुन्हा लॉक होते. ‘मी उघडली होती, आपोआप बंद झाली’ ही तक्रार बहुधा याचीच असते.

याउलट गाडी लॉक व्हायलाच नकार देत असेल, तर एखादे दार, डिकी किंवा बॉनेट नीट लागलेले नसते, किंवा ते लागले आहे हे सांगणारा स्विच खराब झालेला असतो. छताचा दिवा दारावर चालणाऱ्या स्थितीत ठेवा आणि एकेक दार बंद करा; सगळी दारे लागल्यावरही दिवा विझत नसेल किंवा डॅशबोर्डवर दार उघडे असल्याचे चिन्ह जात नसेल, तर शोध चावीत नव्हे, त्या स्विचमध्ये घ्यायचा आहे.

मागच्या दारांचा चाइल्ड लॉक हा आणखी एक गोंधळ. दाराच्या कडेवर, दार उघडल्याशिवाय न दिसणारा, लहानसा खटका असतो. तो फक्त आतले हँडल निकामी करतो. बाहेरून दार उघडता येतेच. आतून दार उघडत नाही म्हणून आतले आवरण खोलण्यापूर्वी हा खटका पाहावा.

इशारा: काही गाड्यांत लॉकचे बटण पाठोपाठ दोनदा दाबले, की ‘डबल लॉक’ लागते आणि मग आतल्या हँडलनेही दार उघडत नाही. गाडीत माणूस किंवा प्राणी असताना हे बटण दोनदा दाबू नका. लॉक लागले की नाही याची खात्री करायची असेल, तर हँडल ओढून पाहा.

टप्पा ३: सेल बदलणे

रिमोटचा पल्ला कमी होणे, बटण दोन-तीनदा दाबावे लागणे, डॅशबोर्डवर चावीच्या सेलचा इशारा येणे, ही सेल संपत आल्याची लक्षणे आहेत. एरवी अंगणाच्या टोकावरून चालणारे बटण काचेला टेकवून दाबावे लागते, तेव्हा वाट पाहू नये.

१. आधी सेलचा क्रमांक पाहा. तो जुन्या सेलवर कोरलेला असतो. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा सेल. सीआर २०२५ची जाडी २.५ मिलिमीटर आणि सीआर २०१६ची १.६ मिलिमीटर. तिन्हींचा व्यास एकच असल्याने चुकीचा सेल सहज आत बसतो, आणि इथेच घोटाळा होतो. २०३२च्या जागी २०२५ बसवला, तर संपर्कपट्टी त्याला नीट टेकत नाही. चावी मुठीत आवळली तर चालते, सैल धरली तर चालत नाही. पातळ सेलची उणीव भरून काढण्यासाठी एकावर एक दोन सेल ठेवणे त्याहून वाईट. व्होल्टेज दुप्पट होते आणि सर्किट जळू शकते. चावी मुळातच दोन सेलची असेल तर गोष्ट वेगळी.

२. चावीची दोन झाकणे जिथे जुळतात तिथे बहुधा एक लहान खाच असते. तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा कापडाने गुंडाळलेला चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून हलकेच फिरवा. उघडा स्क्रू-ड्रायव्हर खोलवर घुसवला तर तो सर्किटवरचे बारीक भाग उखडतो.

३. सेल काढण्याआधी त्याची कोणती बाजू वर आहे याचा फोटो काढा. ‘अधिक’ची खूण नेहमी वरच असते, असे नाही, काही चाव्यांत ती खाली तोंड करून असते.

४. नवा सेल कडेने धरा. दोन्ही सपाट बाजूंना एकाच वेळी बोटे लावल्यास बोटांचा तेलकटपणा राहतो आणि संपर्क बिघडतो. मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो. तो लेप संपर्कपट्टीच्या जागी आला तर अगदी नवा सेलही चालत नाही. कोरड्या स्वच्छ कापडाने सेल पुसून पुन्हा बसवा.

५. संपर्कपट्ट्या पाहा. त्या दबून चपट्या झाल्या असतील, तर टोकदार लाकडी काडीने केसभर वर उचला. हिरवट किंवा पांढरा थर दिसला, तर तो आधी साफ करा.

इशारा: हा सेल गिळला गेल्यास मुलाच्या अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. जुना आणि नवा, दोन्ही सेल काम संपेपर्यंत मुलांच्या हाती लागू देऊ नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तत्काळ रुग्णालयात जा.

तपासणी: मल्टीमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दिसायला हवा. मात्र ३ व्होल्ट दाखवणारा जुना सेलही बटण दाबताच खाली बसू शकतो, त्यामुळे शंका असेल तर मीटरवर विसंबू नका, सेल बदला. टीव्हीच्या रिमोटप्रमाणे मोबाइलच्या कॅमेऱ्यात चावीचा दिवा पाहण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. पण तो रिमोट अवरक्त प्रकाश वापरतो आणि गाडीची चावी रेडिओलहरी, म्हणून कॅमेऱ्यात काही दिसले नाही तर त्यातून कोणताही निष्कर्ष निघत नाही.

टप्पा ४: चावीचे कवच बदलताना

हा टप्पा लहान आहे, पण यातली एक चूक सर्वांत जास्त मनस्ताप देते. बटणांचे रबर फाटले किंवा पात्याची बिजागरी सैल झाली, की लोक नवे रिकामे कवच आणतात, हिरवे सर्किट उचलून त्यात बसवतात, बटण दाबतात, दारे उघडतात, आणि काम झाले असे समजून जुने कवच कचऱ्यात टाकतात. सकाळी गाडी सुरू होत नाही.

कारण अनेक चाव्यांत चिप त्या सर्किटवर नसते. ती कवचाच्या एका कोपऱ्यात, पात्याच्या मुळाशी, वेगळी खोचलेली असते: कधी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी, कधी काळ्या रंगाचा, एका बाजूला निमुळता होत गेलेला, जेमतेम नखाएवढा तुकडा. काळ्या प्लास्टिकमध्ये काळा तुकडा. तो कवचाचाच भाग वाटतो. माझ्याकडे एक गृहस्थ अशीच चावी घेऊन आले होते. जुने कवच सुदैवाने घरच्या टोपलीतच होते. त्यांनी ते आणले, मी कोपरा उजेडाकडे धरला आणि चिमट्याने तो तुकडा ओढला, तेव्हा आपल्या गाडीची ओळख इतक्या लहान वस्तूत आहे हे त्यांना खरेच वाटेना. तो तुकडा नव्या कवचात बसवला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. प्रोग्रॅमिंगचा प्रश्नच आला नाही.

तपासणी: नव्या चावीने इंजिन तीनदा सुरू करून पाहिल्याशिवाय जुने कवच टाकू नका.

टप्पा ५: पुन्हा जुळवणे

रिमोटचा प्रत्येक दाब नवा कोड पाठवतो आणि गाडी तो मोजत पुढे जाते. चावी गाडीपासून दूर असताना बटण पुष्कळ वेळा दाबले गेले, म्हणजे लहान मुलाने खेळायला घेतली किंवा पिशवीत दाबली जात राहिली, तर चावी पुढे जाते आणि गाडी मागे राहते. बऱ्याच पद्धतींत ही तफावत मर्यादेत असेल तर सलग दोन कोड ऐकल्यावर गाडी स्वतःच जुळवून घेते. म्हणून प्रथम दाराजवळ उभे राहून तेच बटण, मध्ये सेकंदभर थांबून, सलग तीन-चार वेळा दाबा.

त्याने झाले नाही, तर पात्याने दार उघडा, चावी इग्निशनमध्ये घालून ‘ऑन’ स्थितीत न्या आणि लॉकचे बटण काही सेकंद दाबून ठेवा. अनेक गाड्यांत एवढ्याने जुळते. नेमकी कृती गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘रिमोट जुळवणे’ किंवा ‘सेल बदलल्यानंतर’ अशा मथळ्याखाली असते.

इशारा: पात्याने दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजू लागतो. घाबरून दार पुन्हा बंद करू नका. योग्य चिप असलेल्या चावीने इग्निशन चालू केले की तो थांबतो.

टप्पा ६: प्रोग्रॅमिंगची तयारी

इथपर्यंत येऊनही चावी चालत नसेल, किंवा हरवलेल्या चावीच्या जागी नवी घ्यायची असेल, तरच पुढे जा. तयारीला प्रत्यक्ष कामापेक्षा जास्त वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१. नवी चावी विकत घेण्याआधी जुन्या चावीवरचा भाग क्रमांक, वारंवारता आणि चिपचा प्रकार जुळवा. बटणे सारखी, कवच सारखे, पण एक ३१५ मेगाहर्ट्झची आणि दुसरी ४३३.९२ची असेल, तर कितीही प्रयत्न केले तरी गाडीला ती ऐकू येणार नाही.

२. दुसऱ्या गाडीवर वापरलेली स्मार्ट चावी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. अशा अनेक चाव्यांतील चिप एकदा एका गाडीशी बांधली गेली, की कुलूपबंद होते आणि दुसऱ्या गाडीला स्वीकारता येत नाही.

३. घरातल्या सगळ्या चाव्या गोळा करा. ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. अनेक गाड्यांत प्रोग्रॅमिंगची स्थिती सुरू होताच जुन्या रिमोटची यादी पुसली जाते आणि त्या बैठकीत ज्या चाव्या दाखवल्या जातात तेवढ्याच पुन्हा नोंदल्या जातात. कपाटात राहिलेली चावी त्या क्षणी परकी होते.

४. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासा. इंजिन बंद करून काही तास उलटल्यावर पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती खालावलेली असेल, तर आधी चार्ज करा. मेमरीत चावीची नोंद लिहिणे अर्धवट असताना व्होल्टेज पडले, तर ती नोंद ठेवणारे गाडीचे कंट्रोल युनिटच बिघडू शकते.

५. दिवे, पंखा आणि म्युझिक सिस्टीम बंद करा. चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली करा आणि काम संपेपर्यंत ती वर करू नका, म्हणजे चाव्या आत असताना गाडी लॉक झाली तरी हात आत घालता येईल.

टप्पा ७: रिमोटची नोंदणी

जुन्या पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत केवळ रिमोटची नोंदणी, म्हणजे बटणांनी दारे उघडण्याचा भाग, कोणत्याही यंत्राशिवाय करता येते. प्रत्येक मॉडेलमध्ये वेळा आणि संख्या बदलतात, पण सांगाडा साधारण असा असतो: चालकाच्या आसनावर बसून सगळी दारे लावायची, चावी ठरावीक सेकंदांच्या आत ‘ऑफ’ ते ‘ऑन’ अशी ठरावीक वेळा फिरवायची आणि शेवटी ‘ऑन’वर थांबायचे, दारांची लॉक आपोआप एकदा लागून उघडली, की गाडी ऐकायला तयार झाली, मग पहिल्या रिमोटचे बटण दाबायचे, लॉकच्या आवाजाने होकार मिळाला की थोड्याच वेळात दुसऱ्याचे, आणि असेच शेवटपर्यंत, नंतर इग्निशन बंद करून बाहेर पडायचे.

इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, फेऱ्या मोजताना ‘ऑन’च्या जागी ‘अॅक्सेसरी’वर थांबणे, ती फेरी मोजलीच जात नाही. दुसरी, इंजिनच सुरू करणे. तिसरी, दुसरा रिमोट शोधण्यात वेळ घालवणे, तेवढ्यात गाडी नोंदणीच्या स्थितीतून स्वतःहून बाहेर पडते आणि नोंद फक्त एकाचीच राहते. म्हणून सगळे रिमोट आधीच मांडीवर ओळीने ठेवावेत. आणि मधेच काही चुकले, तर अर्ध्यातून पुढे न नेता इग्निशन बंद करून, एक मिनिट थांबून, पहिल्यापासून सुरुवात करावी.

टप्पा ८: चिपची नोंदणी

इंजिन सुरू करण्याची परवानगी देणारा हा भाग बहुतेक आधुनिक गाड्यांत डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला निदान-यंत्र जोडूनच करता येतो आणि त्यासाठी गाडीचा सुरक्षा पिन, म्हणजे गुप्त कोड, लागतो. घरच्या घरी हे करू पाहू नये. अपवाद म्हणजे काही मॉडेलमध्ये आधीच नोंदलेल्या दोन चालू चाव्या पाठोपाठ दाखवून तिसरी मालकाला स्वतः नोंदता येते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दुसरी चावी हरवली त्या दिवशी ही सोय संपते. म्हणून तिसरी चावी दोन्ही हाताशी असतानाच करून घ्यावी.

काही गाड्या नव्या चिपला स्वीकारण्यापूर्वी मुद्दाम थांबायला लावतात. ही सक्तीची प्रतीक्षा कुठे १० मिनिटांची असते, तर कुठे तशा तीन फेऱ्यांची, म्हणजे एकूण सुमारे ३० मिनिटांची. काहीच घडत नाही असे वाटून नवव्या मिनिटाला इग्निशन बंद केले, की मोजणी शून्यावर येते. त्या वेळात चावीला हात लावू नये.

इशारा: एका चिपची नोंदणी चालू असताना दुसऱ्या चाव्या त्याच कडीत लटकत ठेवू नका. कॉइलजवळ दोन चिप एकत्र आल्या, की गाडीला एकीचीही ओळख नीट लागत नाही.

टप्पा ९: पडताळणी

सगळ्या चाव्या एकत्र ठेवून ‘चालते’ म्हणणे ही पडताळणी नव्हे. विशेषतः स्मार्ट चाव्यांत, खिशातल्या जुन्या चावीवर गाडी सुरू होते आणि श्रेय हातातल्या नव्या चावीला जाते. एकच चावी हाती ठेवून बाकीच्या गाडीपासून काही मीटर लांब न्या. काच अजून खालीच असू द्या. त्या चावीने लॉक, अनलॉक आणि डिकी तपासा. पाते दाराच्या भोकात फिरवून पाहा, कारण बरेच दिवस न वापरलेले कुलूप घट्ट झालेले असते आणि त्यात जाड तेलाऐवजी ग्राफाइटची भुकटी किंवा कोरडे वंगण घालावे लागते. मग इंजिन सुरू करून किमान १० सेकंद चालू ठेवा. हे प्रत्येक चावीसाठी स्वतंत्रपणे करा. त्यानंतरच काच वर करा.

नोंदणी यंत्राने झाली असेल, तर गाडीच्या मेमरीत एकूण किती चाव्या आहेत तो आकडा यंत्राच्या पडद्यावर स्वतः पाहा. तुमच्या हातात दोन आणि पडद्यावर चार असतील, तर उरलेल्या दोन कोणाकडे आहेत हे तुम्हाला माहीत असायला हवे. वापरलेली गाडी घेणाऱ्याने तर हे पहिल्याच आठवड्यात करून जुन्या नोंदी पुसून घ्याव्यात. मात्र नोंद पुसल्याने हरवलेल्या चावीचे फक्त रिमोट आणि चिप हे दोन भाग निकामी होतात. तिचे पाते दार उघडतच राहते, आणि ते थांबवायचे असेल तर दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदलणे किंवा त्याची खाचांची जुळणी बदलून घेणे एवढाच मार्ग आहे.